नुसतं मेथोट्रेक्सेट की तीन औषधं एकत्र? आईंच्या आरएबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आईंचं वय ५४, चार महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतायत, सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात आखडलेले असतात, अँटी-सीसीपी (या आजाराची खूण दाखवणारी रक्ताची तपासणी) चांगलंच पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे र्‍हूमॅटॉईड आर्थ्रायटिस (आपण सगळे आरए म्हणतो, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते) हे निदान पक्कं. पहिल्या डॉक्टरांनी आठवड्याला १५ एमजी मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड आणि थोडे दिवस स्टेरॉईड लिहून दिलं. सहा आठवडे झाले, फरक आहे पण थोडाच, म्हणून तुम्ही दुसरीकडे दाखवलंत आणि तिथे मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन अशी तीन औषधं मिळाली. आता बाबा म्हणतायत एकाने भागत असेल तर तीन कशाला पोटात घालायची, मावशी म्हणतेय जास्त औषधं म्हणजे लवकर आराम, आणि तुम्ही मध्ये अडकलायत.

दोन्ही डॉक्टर चुकलेले नाहीत. मी गेली २१ वर्षं हेच पेशंट बघतेय आणि माझं स्पष्ट मत असं की औषधं एक की तीन हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न हा की मेथोट्रेक्सेट पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस मिळालं का, आणि दर महिन्या-दीड महिन्याला कोणीतरी सांधे दाबून, मोजून, आकडा लिहून ठेवतंय का. पण एवढंच सांगून घरातला वाद मिटणार नाही, म्हणून मुळापासून सांगते.

कॉम्बिनेशनची बाजू भक्कम झाली ती १९९६ मध्ये, अमेरिकेत नेब्रास्काच्या डॉ. जेम्स ओ'डेल यांच्या अभ्यासाने. आधीच्या एखाद्या औषधाला दाद न दिलेले १०२ पेशंट घेतले, त्यांचे तीन गट केले, एकाला नुसतं मेथोट्रेक्सेट, दुसऱ्याला सल्फासॅलॅझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तिसऱ्याला तिन्ही. दोन वर्षं टिकलेली निम्मी सुधारणा तिन्ही घेणाऱ्यांपैकी ७७ टक्क्यांना मिळाली, दोन औषधंवाल्यांना ४० टक्के आणि नुसत्या मेथोट्रेक्सेटवाल्यांना ३३ टक्के. आणि सगळ्यांना ज्याची भीती होती ते झालंच नाही, तीन औषधांच्या गटात साईड इफेक्टमुळे औषध सोडणारे जास्त निघाले नाहीत. मग १९९९ मध्ये फिनलंडचा अभ्यास आला, त्यात सुरुवातीपासून तीन औषधं अधिक कमी डोसचं प्रेडनिसोलोन (स्टेरॉईड) घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी ३७ टक्के रेमिशनमध्ये, म्हणजे आजार जवळजवळ शांत, आणि एका औषधावरचे १८ टक्के. हे आकडे बघून आमच्या पिढीतले बरेच जण ट्रेनिंगमधून बाहेर पडताना हेच डोक्यात घेऊन निघाले की आरए दिसला की तीन औषधं लिहायची. मीही बरीच वर्षं तेच केलं.

पण नंतर ते पेपर परत वाचताना एक गोष्ट खटकायला लागली, आणि ती तुमच्या बाबांच्या बाजूची आहे. एका औषधाचा गट नेमकं काय घेत होता ते बघा. नेब्रास्काच्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट ७.५ पासून १७.५ एमजीपर्यंतच वाढवलं होतं, आज आपण गरज पडली तर २५ पर्यंत जातो. फिनलंडच्या अभ्यासात एका औषधाची सुरुवात मेथोट्रेक्सेटने नव्हतीच, सल्फासॅलॅझिनने होती, आणि स्टेरॉईड सगळ्यांना नव्हतं. म्हणजे तीन पैलवान एका अर्धपोटी पैलवानाविरुद्ध उतरवले होते, आणि तिघे जिंकले. त्या काळी तेच चालू उपचार होते त्यामुळे संशोधकांना दोष नाही, पण त्यावरून आज भरपूर डोसचं मेथोट्रेक्सेट कमी पडतं असं म्हणता येत नाही.

मग ही लढत बरोबरीची झाली तेव्हा काय दिसलं? अमेरिकेतला टीईएआर नावाचा अभ्यास २०१२ मध्ये आला, ७५५ पेशंट, सगळे लवकर सापडलेले आणि आजार पुढे बिघडण्याची चिन्हं असलेले. काहींना पहिल्या दिवसापासून कॉम्बिनेशन, काहींना नुसतं मेथोट्रेक्सेट आणि सहा महिन्यांनी आकडा खाली आला नसेल तरच पुढची औषधं. पहिल्या सहा महिन्यांत कॉम्बिनेशनवाले पुढे होते, खोटं कशाला बोलू. पण पुढे जाऊन सगळे एकाच जागी पोचले, आणि एकट्या मेथोट्रेक्सेटवर सुरू केलेल्यांपैकी साधारण २८ टक्के लोकांना दुसरं औषध लागलंच नाही. म्हणजे चारातल्या एकाला आपण विनाकारण दोन जादा औषधं दिली असती. बेल्जियममधला केअरआरए अभ्यास माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा, कारण तिथे मेथोट्रेक्सेट १५ एमजी आणि स्टेरॉईडचा छोटा, उतरता कोर्स एवढंच घेणाऱ्या गटाला दोन-तीन औषधांच्या गटांशेजारी उभं केलं. चार महिन्यांनी आजार बिघडण्याची चिन्हं असणाऱ्या पेशंटमध्येही तिन्ही पद्धतींत रेमिशन ७० टक्क्यांच्या आसपासच, आणि साध्या पद्धतीत साईड इफेक्ट सगळ्यात कमी. यानंतर युरोपच्या आणि अमेरिकेच्या दोन्ही गाईडलाईन्स नव्या पेशंटसाठी नुसत्या मेथोट्रेक्सेटकडे वळल्या. स्टेरॉईडच्या बाबतीत मात्र युरोपवाले म्हणतात थोडे दिवस जोडीला द्या, आणि अमेरिकेवाले २०२१ पासून म्हणतात शक्य असेल तर तेही टाळा.

आता सहा आठवड्यांचा मुद्दा. मेथोट्रेक्सेट पेनकिलर नाहीये. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात, आणि पूर्ण जोर कळायला कधी कधी त्याहून जास्त. आम्ही तीन महिन्यांना निम्मी तरी सुधारणा आणि सहा महिन्यांना टार्गेट, असं धरतो. सहाव्या आठवड्याला "थोडाच फरक" म्हणजे औषध फेल गेलं असं नाही, गाडी आत्ता कुठे घाटाला लागलीये. आईंना मी तपासलेलं नाही, तरी कागदावर जे दिसतंय त्यावरून मी स्वतः काय केलं असतं सांगते. १५ वर न थांबता लिव्हर, किडनी आणि रक्तपेशींचे रिपोर्ट बघून २० कडे नेलं असतं, आणि तोंडाने १५ च्या वर जाताना दोन गोष्टींपैकी एक केली असती: एकतर त्याच दिवशी बारा तासांच्या अंतराने डोस विभागून, नाहीतर पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. कारण १५ च्या पुढे गोळी आतड्यातून पूर्ण शोषली जात नाही, डोस वाढतो आणि रक्तात मात्र तेवढं पोचत नाही. आमच्याकडे "मेथोट्रेक्सेट चाललं नाही" असं लिहून येणाऱ्या किती तरी फाईली मी उघडल्यात ज्यात वर्षभर ७.५ किंवा १० च चालू होतं, पेशंट दुखत होता आणि कोणी वाढवलं नव्हतं. फलटणकडच्या एका शिक्षिका माझ्याकडे बायोलॉजिकची (आजारातला एखादाच घटक रोखणारी महाग इंजेक्शनं) चौकशी करायला आल्या होत्या, दीड वर्ष १० एमजीवर, त्यांना इंजेक्शनने २० दिलं आणि चार महिन्यांनी त्या फळ्यावर लिहायला लागल्या, दुसरं काहीही जोडावं लागलं नाही.

पण मावशींची बाजूही ऐकायला हवी, आणि ती हलकी नाही. आईंचं अँटी-सीसीपी जास्त आहे, सुजलेले सांधे बरेच असतील, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) चढलेला असेल, किंवा एक्स-रेत हाड कुरतडल्यासारखं दिसायला लागलं असेल, तर हा आजार वाट बघत बसणाऱ्यातला नाही. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत झालेलं हाडाचं नुकसान परत भरून येत नाही. अशा वेळी एखाद्या डॉक्टरने सुरुवातीलाच तीन औषधं दिली तर त्यात गैर काही नाही, विशेषतः पेशंट लांब राहत असेल आणि दर महिन्याला येणं जमणार नसेल तर. दुसऱ्या डॉक्टरांनी कदाचित हाच विचार केला असेल, त्यांना विचारा.

औषधांच्या संख्येपेक्षा पाठपुरावा मोठा असं मी म्हणते त्याला आधार ग्लासगोचा २००४ चा टिकोरा अभ्यास. ११० पेशंट, औषधं दोन्ही गटांना तीच जुनी स्वस्त उपलब्ध, फरक इतकाच की एका गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले, आकडा जास्त असेल तर त्याच दिवशी औषध वाढवलं किंवा सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन दिलं, आणि दुसरा गट नेहमीसारखा तीन महिन्यांनी यायचा. दीड वर्षाने रेमिशन ६५ टक्के विरुद्ध १६ टक्के. आजही हा आकडा वाचला की मला माझ्या ओपीडीची गर्दी आठवते आणि वाईट वाटतं, कारण महिन्याला बोलवायचं म्हटलं तर पेशंटची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं दोन्ही जातं. भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ पासून गावात घरोघर जाऊन जो सांधेदुखीचा सर्व्हे केला त्यात आरए साधारण ०.५ टक्के लोकांत निघाला, म्हणजे दोनशेत एक. आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या गावात असे पेशंट आहेत आणि र्‍हूमॅटॉलॉजिस्ट (सांधेविकाराचे तज्ज्ञ) बहुतेक पुण्या-मुंबईत.

तीन औषधांचं खरं ओझं काय ते बाबांना सांगा, कारण त्यांची भीती चुकीच्या जागी आहे. तिन्ही मिळून लिव्हर खलास होतं वगैरे नाही. ओझं गोळ्यांच्या संख्येचं आहे. सल्फासॅलॅझिन ५०० एमजीची एक गोळी सुरू करून दर आठवड्याला वाढवत दिवसाला चारपर्यंत न्यायची असते, त्याने काहींना मळमळतं, डोकं जड होतं, लघवी नारिंगी होते (त्याला घाबरायचं नाही), आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते द्यायचंच नाही. आईंना आधी कधी कुठल्या गोळीने अंगावर चट्टे उठले होते का हे नक्की विचारा. त्यात बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी, कॅल्शियम. तिसऱ्या महिन्यापर्यंत पेशंट मनानेच काहीतरी बंद करतो, आणि बहुतेक वेळा नेमकं मेथोट्रेक्सेट बंद करतो, कारण इंटरनेटवर वाचलेलं असतं की हे कॅन्सरचं औषध आहे. म्हणून मी स्वतः आधी एक औषध नीट बसवते.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तिघांत सगळ्यात सौम्य. वजनाच्या दर किलोला ५ एमजीच्या वर दिवसाचा डोस जाऊ देऊ नका, म्हणजे ६० किलोच्या बाईला ३००. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनी कमजोर असेल तर आधीपासूनच दरवर्षी. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा.

कॅन्सरच्या औषधाबद्दल जरा थांबते, कारण रोज कोणीतरी विचारतं. हो, याच्या आधीचं भावंड अमिनोप्टेरिन १९४८ मध्ये मुलांच्या ल्युकेमियावर वापरलं गेलं, आणि ही औषधं ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाली तिथे संशोधनाची धुरा आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव सांभाळत होते. मला याचा फार अभिमान वाटतो आणि मी पेशंटना आवर्जून सांगते. काही कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट एका वेळी ग्रॅममध्ये देतात, आईंना आठवड्याला १५ मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट कमी. इतक्या कमी डोसमध्ये ते पेशी मारायचं काम करत नाही, सूज शांत करायचं करतं.

धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. ही गोळी आठवड्यातून एकदाच. माझ्याकडे एक आजी तोंडभर फोड आणि ताप घेऊन आल्या, पांढऱ्या पेशी अगदी तळाला, कारण घरच्यांनी पाकीट बघून अकरा दिवस रोज एक गोळी दिली होती. वाचल्या, पण दोन आठवडे आयसीयूत. म्हणून वार ठरवा, कॅलेंडरवर लाल गोल करा, गोळी २.५ ची आहे की १० ची हे दर वेळी मेडिकलवाल्याकडून घेतल्यावर वाचा. फॉलिक ॲसिड तो दिवस सोडून घ्यायचं. पहिले तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन (म्हणजे रक्तपेशी, लिव्हर, किडनी), नंतर दोन-तीन महिन्यांनी. कोरडा खोकला आणि दम लागला तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. आणि एक कॉम्बिनेशन जे कधीच चालत नाही: लघवीच्या इन्फेक्शनसाठी कोणी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर तिथेच सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे, दोन्ही मिळून बोन मॅरो दाबतात.

समजा तीन महिन्यांनी, भरपूर डोस देऊनही, आकडा खाली नाही आला. मग वाट बघू नका, मग जोडा. इथे तीन औषधांचा मान मोठा आहे आणि आपल्यासारख्या खिशातून पैसे भरणाऱ्यांसाठी तर फारच. २०१३ च्या रकॅट अभ्यासात मेथोट्रेक्सेट कमी पडलेल्या ३५३ लोकांना एकतर सल्फासॅलॅझिन-हायड्रॉक्सीक्लोरोक्विन जोडलं नाहीतर इटानर्सेप्टचं महागडं इंजेक्शन, सहा महिन्यांनी ज्याला फरक नाही त्याची अदलाबदल, आणि वर्षाच्या शेवटी तीन गोळ्यावाले मागे पडले नव्हते. अमेरिकेची २०२१ ची गाईडलाईन या टप्प्याला बायोलॉजिककडे झुकते, मुख्यतः ते लवकर काम करतं म्हणून, पण तिथला पेशंट आणि बार्शीचा पेशंट यांच्या पाकिटात फरक आहे, आणि आपल्याकडे टीबी जास्त, तो या इंजेक्शनांनी उसळू शकतो. मला तीन गोळ्या आधी करून बघण्यात अजिबात कमीपणा वाटत नाही. काही जण सल्फासॅलॅझिनऐवजी लेफ्लुनोमाईड जोडतात, गोळी एकच आणि काम चांगलं, पण मेथोट्रेक्सेटबरोबर लिव्हरवर दुहेरी लक्ष ठेवावं लागतं, आणि मूल हवं असणाऱ्या मुलींना मी ते देतच नाही, शरीरातून जायला फार वेळ घेतं. (तशा मुलींना मेथोट्रेक्सेटही आधीच बंद करावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलॅझिन गरोदरपणात चालतात.)

बायोलॉजिकपर्यंत गेलात तरी एकटं-जोडीचा प्रश्न सुटत नाही, फक्त उत्तर बदलतं. २००४ च्या टेम्पो अभ्यासात इटानर्सेप्ट आणि मेथोट्रेक्सेट जोडीने घेणारे ३५ टक्के रेमिशनला पोचले, नुसतं इटानर्सेप्ट १६ टक्के, नुसतं मेथोट्रेक्सेट १३. ॲडालिमुमॅबसारख्या बायोलॉजिक औषधांविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं, मेथोट्रेक्सेट ते रोखतं, म्हणून महाग इंजेक्शन सुरू झालं की स्वस्त गोळी बंद करायची हा हिशोब उलटा पडतो. मेथोट्रेक्सेट अजिबात सोसतच नसेल तर टोसिलिझुमॅब हे दुसरं बायोलॉजिक एकट्याने चांगलं चालतं. दोन बायोलॉजिक मात्र एकत्र करायची नाहीत, इटानर्सेप्ट आणि ॲनाकिन्रा जोडून बघितलं होतं, फायदा शून्य आणि गंभीर इन्फेक्शन वाढली. तेव्हा मावशींचं "जास्त म्हणजे चांगलं" एका हद्दीपर्यंतच खरं. हल्ली टोफासिटिनिब ही गोळी आपल्याकडे स्वस्त झालीये आणि पटकन लिहिली जाते, पण पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयाचा एखादा तरी धोका असलेल्या लोकांत २०२२ च्या मोठ्या अभ्यासात हार्ट ॲटॅकसारखे प्रकार आणि कॅन्सर टीएनएफवाल्या (इटानर्सेप्ट, ॲडालिमुमॅबसारख्या) इंजेक्शनांपेक्षा जास्त दिसले. आईंचं वय बघता ती पहिल्या पसंतीला नको, आणि कधी द्यायची वेळ आलीच तर टीबीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी.

आणि नातेवाईक "एका महिन्यात बरं करतो" अशी पुडी आणून देतील. आयुर्वेदाला माझा विरोध नाही, वैद्य लिहून देत असतील तर नाव सांगा, आपण लिव्हरचे रिपोर्ट जोडीने बघू. पण बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर समजून जा.

रेमिशन आल्यावर आधी स्टेरॉईड शून्यावर, मग किमान सहा महिने सगळं शांत असेल तर बाकीच्यांतलं एकेक हळूहळू. नॉर्वेत रेमिशनमधल्या लोकांचा या जुन्या गोळ्यांचाच डोस निम्मा करून बघितला, वर्षभरात २५ टक्क्यांचा आजार परत उसळला, पूर्ण डोसवाल्यांत ६ टक्के. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून आईंनी मनाने काही कमी करू नये.

दोघांपैकी एकच डॉक्टर ठरवा, जे सीडीएआयचा आकडा (सांधे मोजून आणि पेशंट-डॉक्टरांच्या अंदाजावरून काढलेला आजाराचा स्कोअर) दर भेटीला लिहून देतील ते. १० च्या खाली पहिला टप्पा, २.८ च्या खाली रेमिशन, त्याला रक्ताची तपासणीही लागत नाही. आणि आजच्या आज एक करा: दोन्ही प्रिस्क्रिप्शनमध्ये मेथोट्रेक्सेट आहे, ब्रँड वेगळा असेल, दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवून बघा की आई पहिल्यातलं एका वारी आणि दुसऱ्यातलं दुसऱ्या वारी असं दोनदा तर घेत नाहीयेत ना.